दिव्यांग कर्मचारी नेमताना तज्ज्ञांची मदत कशी घ्यायची : एचआरवाल्यांसाठी पायरी-पायरीने

बहुतेक कंपन्यांत हे प्रकरण एकाच पद्धतीने सुरू होतं. मालक किंवा प्लांट हेड कुठल्या तरी कार्यक्रमाहून येतात आणि एचआरला सांगतात, "या तिमाहीत चार-पाच दिव्यांग मुलं घेऊन टाका." एचआरवाला एखाद्या संस्थेला फोन लावतो, "कोणी आहे का तुमच्याकडे? शक्यतो थोडासाच प्रॉब्लेम असलेला द्या." संस्था बायोडेटा पाठवते, मुलं रुजू होतात, पुष्पगुच्छासह फोटो निघतात आणि दिवाळीपर्यंत निम्मी मुलं घरी बसतात. मग कंपनीत ठरून जातं की 'आपल्याकडे हे जमत नाही'.

मी भोसरी एमआयडीसीत वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात मनुष्यबळ विभाग बघतो. ऐकू न येणारे, कमी दिसणारे, कॅलिपर लावून चालणारे सहकारी आमच्याकडे लाइनवरही आहेत आणि ऑफिसातही. नव्याने सुरुवात करणारे ओळखीतले एचआरवाले फोन करतात तेव्हा त्यांना जे सांगतो, तेच इथे क्रमाने लिहितोय. त्यातली मुख्य गोष्ट आधीच सांगून ठेवतो : तज्ज्ञाला पहिल्यांदा बोलवायचं ते काम बघायला. माणूस नंतर शोधायचा. हा क्रम उलटा झाला की पुढच्या सगळ्या पायऱ्या डगमगतात.

१. कोणता तज्ज्ञ कशासाठी, हे आधी कळू द्या

'दिव्यांगांचं काम करणारी संस्था' म्हणून आपण सगळ्यांना एकाच पोत्यात घालतो. प्रत्यक्षात ही माणसं वेगवेगळी असतात आणि एकाचं काम दुसऱ्याला येईलच असं नाही.

प्लेसमेंट अधिकारी उमेदवार शोधून देतो. जॉब कोच रुजू झालेल्या माणसाबरोबर सुरुवातीचे काही आठवडे कामाच्या जागी येतो, काम शिकवतो आणि हळूहळू बाजूला होतो. ऑक्युपेशनल थेरपिस्ट हाताच्या हालचाली, बसण्याची उंची, फिक्श्चर (भाग पकडून ठेवणारा साचा) कुठे असावं, असल्या गोष्टी बघतो. अ‍ॅक्सेस ऑडिटर इमारत तपासतो. भारतीय सांकेतिक भाषेचा दुभाषी मुलाखत, प्रशिक्षण आणि बैठकींना लागतो. दृष्टिहीन कर्मचारी ऑफिसच्या कामाला घेणार असाल तर स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्रॅम) आणि तुमचं सॉफ्टवेअर यांचं जुळवून देणारा वेगळा प्रशिक्षक लागतो.

सुरुवात कुठून करायची? मुंबईत शीवला केंद्रीय कामगार मंत्रालयाचं नॅशनल करिअर सर्व्हिस सेंटर फॉर डिफरंटली एबल्ड आहे. जुने लोक त्याला अजून व्हीआरसी (व्होकेशनल रिहॅबिलिटेशन सेंटर) म्हणतात. उमेदवाराची व्यावसायिक क्षमता तपासायची सोय तिथे आहे. ऐकण्या-बोलण्याच्या बाबतीत वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, शारीरिक पुनर्वसनासाठी हाजी अलीची अखिल भारतीय संस्था, दृष्टिहीनांसाठी वरळीची नॅब, सेरेब्रल पाल्सीसाठी वांद्र्याची अडॅप्ट ही ठिकाणं ठाऊक असू द्या. कोल्हापूरकडच्या उद्योजकांना नसीमा हुरजूक यांनी उभी केलेली हेल्पर्स ऑफ द हँडीकॅप्ड माहीत असेलच. कंपन्यांबरोबर काम करण्याचा मोठा अनुभव असलेल्या संस्थांत बंगळुरूची इनेबल इंडिया आणि हैदराबादची यूथफॉरजॉब्स ही नावं तुम्हाला वारंवार ऐकू येतील.

पहिल्या फोनवरच माणूस ओळखता येतो. तुम्ही "आम्हाला पाच जण हवेत" म्हणालात आणि समोरच्याने तासाभरात पाच बायोडेटा व्हॉट्सअ‍ॅप केले, तर सावध व्हा. चांगला तज्ज्ञ आधी विचारतो, "काम काय आहे? बघायला कधी येऊ?"

आणखी दोन गोष्टी तपासा. पुनर्वसन क्षेत्रातला व्यावसायिक असेल तर भारतीय पुनर्वसन परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा. ऑक्युपेशनल थेरपिस्टची नोंदणी महाराष्ट्रात वेगळ्या राज्य परिषदेकडे असते. प्लेसमेंट अधिकाऱ्याला असा क्रमांक असण्याची गरज नाही, त्याच्याकडून आधीच्या दोन कंपन्यांचे संपर्क घ्या आणि तिथल्या एचआरला नाही, सुपरवायझरला फोन करा. खरं तोच सांगतो.

सापळा : नोकरी लावून देतो म्हणून उमेदवाराकडूनच पैसे उकळणारे एजंट या क्षेत्रातही आहेत. करारात स्पष्ट लिहा की उमेदवाराकडून कुठल्याही नावाने एक रुपयाही घेतला जाणार नाही, आणि मुलाखतीच्या वेळी उमेदवाराला एकटं गाठून हे विचारा.

सापळा : 'आमची सेवा मोफत आहे.' बऱ्याच संस्थांचा खर्च एखादी कंपनी सीएसआरमधून, म्हणजे सामाजिक जबाबदारीच्या निधीतून उचलते, म्हणून त्या तुमच्याकडून पैसे घेत नाहीत. वाईट काही नाही. पण देणगीदाराला हवा असतो तो नेमणुकांचा आकडा. तो अहवाल गेला की पाठपुरावा आटतो. म्हणून रुजू झाल्यानंतरच्या पाठपुराव्याचे पैसे वेगळे देण्याची तयारी ठेवा आणि तसं लेखी घ्या. खर्च वाचवायचाच असेल तर तो फोटोग्राफरवर वाचवा.

२. कायदा जेवढा लागतो तेवढाच

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा आपला मुख्य कायदा. १९ एप्रिल २०१७ पासून तो लागू आहे. त्यात दिव्यांगत्वाचे २१ प्रकार आहेत, आणि बहुतेक लाभांसाठी किमान ४० टक्के दिव्यांगत्वाचा दाखला लागतो.

खासगी कंपनीला आरक्षण सक्तीचं नाही. ४ टक्के आरक्षण आहे ते सरकारी आस्थापनांतल्या पदांना. खासगी क्षेत्रासाठी कायदा ५ टक्क्यांचं उद्दिष्ट धरतो, तेही प्रोत्साहनाच्या भाषेत. इथपर्यंत वाचून अनेक कंपन्यांचे सल्लागार फाइल बंद करतात, आणि घोटाळा तिथेच होतो. कारण कलम २१ खासगी कंपन्यांनाही लागू आहे. प्रत्येक आस्थापनेचं समान संधी धोरण असलं पाहिजे आणि त्याची प्रत आयुक्तांकडे नोंदवली पाहिजे. आपल्याकडे ते म्हणजे पुण्यातलं दिव्यांग कल्याण आयुक्तालय. २० किंवा जास्त कर्मचारी असतील तर त्या धोरणात कोणती पदं योग्य, निवड कशी होणार, कोणत्या सुविधा देणार हे लिहायचं असतं आणि एक संपर्क अधिकारी नेमायचा असतो. धोरण वेबसाइटवर, नाहीतर कारखान्यात ठळक जागी लावायचं. कलम २२ प्रमाणे दिव्यांग कर्मचाऱ्यांची नोंदवही ठेवायची. उल्लंघन झालं तर पहिल्या वेळी १०,००० रुपयांपर्यंत, पुढे ५०,००० ते ५ लाख रुपये दंड होऊ शकतो.

सापळा : दुसऱ्या कंपनीचं धोरण उतरवणं. एका शेडमध्ये चालणाऱ्या युनिटच्या धोरणात 'निवासस्थान वाटपात प्राधान्य' असं वाक्य मी वाचलंय. त्यांच्याकडे वॉचमनला खोली नव्हती. धोरणाचा मसुदा तज्ज्ञाला दाखवायचा तो पुढची तिसरी आणि चौथी पायरी झाल्यावर. 'योग्य पदं' कोणती हे त्याआधी तुम्हाला सांगताच येणार नाही.

कायद्यातली अजून एक कल्पना ध्यानात ठेवा, ती म्हणजे वाजवी सोय. एखाद्या व्यक्तीला इतरांच्या बरोबरीने काम करता यावं म्हणून लागणारा बदल, जो मालकावर अवाजवी बोजा टाकत नाही. तज्ज्ञाचं अर्धं काम म्हणजे ही सोय नेमकी कोणती, हे शोधणं. ती बहुधा वाटते त्यापेक्षा स्वस्त निघते.

३. काम उलगडून बघा

इथे घाई करू नका. तज्ज्ञाला किमान एक पूर्ण शिफ्ट लाइनवर उभं राहू द्या. कॉन्फरन्स रूममध्ये बसून जॉब डिस्क्रिप्शन वाचून हे होत नाही. आपल्या जॉब डिस्क्रिप्शनमध्ये 'उत्तम संवादकौशल्य' आणि 'धावपळीची तयारी' ही वाक्यं पॅकिंगच्या हेल्परलाही लावलेली असतात.

आमच्याकडचं एक उदाहरण सविस्तर देतो. अंतिम तपासणी आणि पॅकिंगचं टेबल. थेरपिस्ट बाई घड्याळ आणि वही घेऊन बसल्या. ऑपरेटर क्रेटमधून बुश (धातूची छोटी नळी) उचलतो, काठावर बर, म्हणजे उरलेली धातूची धार, राहिलाय का ते बोटाने चाचपतो, माप बघायचं गेज आत घालून बघतो, ट्रेच्या खणात ठेवतो, ट्रे भरला की मोजायची गरज नाही कारण खणच ५० आहेत, स्टिकर लावतो, ट्रे रोलरवर ढकलतो. बाईंनी प्रत्येक कृतीपुढे चार रकाने काढले : दिसणं लागतं का, ऐकणं लागतं का, दोन्ही हात लागतात का, उभं राहावं लागतं का.

ऐकण्याच्या रकान्यात सगळ्या दिवसात एकच खूण पडली. बॅच बदलली की सुपरवायझर दहा फुटांवरून ओरडायचा, "नवीन लॉट!" त्या आरोळीसाठी आम्ही वर्षानुवर्षं ऐकू येणारी माणसं नेमत होतो. उपाय निघाला तो पिवळ्या कार्डाचा. लॉट बदलला की पहिल्या क्रेटवर पिवळं कार्ड येतं. ही सोय केली कर्णबधिर सहकाऱ्यासाठी, पण लॉट मिसळण्याची जुनी डोकेदुखीसुद्धा तिनेच कमी झाली, कारण कॉम्प्रेसर चालू असताना ती आरोळी कोणालाच धड ऐकू येत नसे.

उभं राहण्याच्या रकान्यात मात्र सगळीकडे खुणा होत्या. ऑपरेटर उभा का राहतो, असं बाईंनी विचारलं. कोणालाच उत्तर माहीत नव्हतं. टेबल उंच होतं म्हणून. टेबल उंच का? कारण आधी तिथे दुसरं मशीन होतं.

तज्ज्ञाकडून शेवटी तुम्हाला हा कागद मिळाला पाहिजे : प्रत्येक कामाच्या पुढे त्यातल्या कृती, अत्यावश्यक कोणत्या, सवयीने चालत आलेल्या कोणत्या आणि बदल करता येण्यासारखं काय. 'हे काम कर्णबधिरांसाठी, ते काम अस्थिव्यंगांसाठी' असा तक्ता कोणी हातात ठेवला तर परत करा. कर्णबधिर म्हणजे पॅकिंग आणि दृष्टिहीन म्हणजे टेलिफोन ऑपरेटर, हे समीकरण आता पुरे झालं.

ऑफिसच्या कामांचाही असाच पंचनामा करा. तिथे अडथळे संगणकात लपलेले असतात. दृष्टिहीन कर्मचारी एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरून ईमेल, एक्सेल सगळं करू शकतो. पण तुमची पगाराची स्लिप स्कॅन केलेलं चित्र असेल, तर स्क्रीन रीडर तिच्यापुढे मुका होतो. रजेच्या पोर्टलवर चित्रातली अक्षरं ओळखायचा कॅप्चा असेल तर रजा दुसऱ्याकडून टाकून घ्यावी लागते. आणि आपल्याकडचं खास दुखणं म्हणजे जुन्या श्रीलिपी, कृतिदेव फाँटांतली मराठी परिपत्रकं. डोळ्यांना ती मराठी दिसतात, स्क्रीन रीडर त्यांतून निव्वळ अगम्य इंग्रजी अक्षरं वाचतो. सगळी परिपत्रकं युनिकोडमध्ये टाइप करायला लावा. याला खर्च शून्य.

४. गेटपासून टेबलापर्यंत चालून बघा

जागेची पाहणी इमारतीच्या नकाशावर करू नका. कर्मचारी जसा येतो तसं चाला : बस किंवा रिक्षातून उतरण्याची जागा, गेट, हजेरीचं मशीन, कपडे बदलायची खोली, लाइन, पाणी, स्वच्छतागृह, कँटीन, आणीबाणीत जमायची जागा. शक्य असेल तर व्हीलचेअर वापरणारा ऑडिटरच बोलवा. जे आपल्याला वर्षभर दिसत नाही ते त्याला दहा मिनिटांत अडवतं.

काही मापं पाठ असू द्या. रॅम्पचा उतार १:१२ पेक्षा तीव्र नको. म्हणजे १५ सेंटीमीटरच्या एका पायरीला १.८ मीटर लांबीचा रॅम्प. दारातून ९० सेंटीमीटर मोकळी वाट. व्हीलचेअर वळवायला दीड मीटरचं वर्तुळ. सिव्हिल कॉन्ट्रॅक्टरला 'रॅम्प करून टाका' असं मोघम सांगितलंत की तो जागा वाचवून असा उतार करतो की त्यावरून फक्त स्कूटर चढेल. माप लिहून द्या आणि बिल पास करण्याआधी टेप लावा.

दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह आहे, असं तुमची अ‍ॅडमिन टीम सांगेल. दार उघडून बघा. दहातल्या नऊ ठिकाणी आत झाडू, बादल्या आणि मोडक्या खुर्च्या असतात.

कर्णबधिर सहकारी असतील तर आगीच्या भोंग्याबरोबर चमकणारा दिवा हवा आणि तो स्वच्छतागृहातही हवा, कारण तिथे माणूस एकटा असतो. फोर्कलिफ्टचा मागे येतानाचा आवाज त्याला ऐकू येणार नाही. जमिनीवर निळा प्रकाश टाकणारा दिवा फोर्कलिफ्टला लावता येतो, चौकात बहिर्गोल आरसा लावता येतो. कमी दिसणाऱ्यांसाठी गँगवेच्या (शॉपमधल्या चालायच्या वाटेच्या) कडेला आणि पायऱ्यांच्या काठाला ठळक रंगाची पट्टी. सेफ्टी ऑफिसरला या पाहणीत पहिल्यापासून बरोबर ठेवा. तो शेवटी आला तर त्याचं उत्तर ठरलेलं असतं : "रिस्क आहे साहेब, नको."

शेड भाड्याची असेल तर रॅम्पसाठी जागामालकाची परवानगी लेखी घ्या. हे फारच क्षुल्लक वाटतं, पण मोठमोठ्या योजना इथे अडकतात.

५. आता माणूस शोधा

तिसऱ्या पायरीतला कागद प्लेसमेंट अधिकाऱ्याला द्या. जाहिरातीत कामाच्या अत्यावश्यक कृती लिहा आणि मुलाखतीसाठी कोणती सोय लागेल ते कळवा, असं एक वाक्य घाला.

बोलाचालीच्या मुलाखतीपेक्षा टेबलावरची चाचणी बरी. वीस मिनिटं काम करून बघू द्या, एकदा दाखवून. अत्यावश्यक कृतींबद्दल विचारायला हरकत नाही : "हे काम करताना तुम्हाला काय लागेल?" "हे कधी झालं? जन्मापासून का? लग्न झालंय का? घरी कोण बघतं?" हे प्रश्न कोणत्याच मुलाखतीत बसत नाहीत, इथेही नाही.

कर्णबधिर उमेदवाराबरोबर दुभाषी असेल तर बोलताना उमेदवाराकडे बघा, दुभाष्याकडे नाही. दुभाष्याला "त्याला सांगा की..." असं म्हणू नका, थेट उमेदवाराशी बोला. भावाला किंवा आईला दुभाषी करू नका. घरचे लोक उत्तरं स्वतःच देतात, प्रेमाने देतात, पण नोकरी त्यांना करायची नसते. पालक आले असतील तर चहा पाजा, कारखाना दाखवा, बसचं आणि शिफ्टचं समजावून सांगा आणि मुलाखत मात्र उमेदवाराची घ्या. अपवाद म्हणाल तर बौद्धिक दिव्यांगत्व असलेल्या उमेदवारांचा. तिथे ओळखीचं माणूस जवळ असलं की उमेदवार मोकळा होतो. तेव्हा काय करायचं ते जॉब कोचला विचारा.

लेखी परीक्षेबद्दल एक गोष्ट. जन्मापासून कर्णबधिर असलेल्या अनेकांची पहिली भाषा सांकेतिक भाषा असते आणि तिचं व्याकरण मराठीपेक्षा वेगळं असतं. त्यांच्या मराठी लिहिण्यात विभक्तिप्रत्यय गळतात, शब्दांचा क्रम बदलतो. त्यावरून बुद्धी मोजू नका.

६. कागदपत्रं

उमेदवाराकडून घ्यायची :

- यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं केंद्रीय ओळखपत्र) किंवा दिव्यांगत्वाचा दाखला यांची प्रत. कार्डावरच्या पट्टीचा रंग टक्केवारी सांगतो : ४० च्या खाली पांढरा, ४० ते ७९ पिवळा, ८० आणि वर निळा
- आधार, पॅन, बँक तपशील, शिक्षणाचे दाखले, नेहमीप्रमाणेच
- लागणाऱ्या सोयींबद्दलची त्याच्या सहीची नोंद
- आणीबाणीत कोणाला आणि कसं कळवायचं (कर्णबधिर व्यक्तीच्या घरीही सगळेच फोनवर बोलू शकतील असं नाही, मेसेजचा क्रमांक घ्या)

तुमच्या फाइलमध्ये :

- समान संधी धोरण आणि ते आयुक्तालयाकडे नोंदवल्याची पोच
- संपर्क अधिकाऱ्याच्या नेमणुकीचं पत्र
- कलम २२ ची नोंदवही : कर्मचाऱ्याचं नाव, लिंग, पत्ता, दिव्यांगत्वाचा प्रकार, काम, कधीपासून, दिलेल्या सुविधा
- तज्ज्ञाशी केलेला करार, त्यात पाहणी, प्रशिक्षण आणि पाठपुरावा यांचे दर वेगवेगळे
- कामाच्या पाहणीचा आणि जागेच्या पाहणीचा अहवाल

मूळ दाखले ठेवून घेऊ नका. यूडीआयडी काढलेलं नसेल तर स्वावलंबन पोर्टलवर अर्ज करता येतो. संस्थेचा माणूस त्यात मदत करतो. नेमणूक त्यासाठी अडवू नका, दाखला सवलतींसाठी लागतो, काम करायला नाही. नोंदवही कुलुपात ठेवा. कोणाला कुठलं दिव्यांगत्व आहे हे सगळ्या मजल्याला कळायचं कारण नाही, विशेषतः मानसिक आजार किंवा सिकलसेलसारख्या न दिसणाऱ्या बाबतीत.

पगार करणाऱ्याला तीन गोष्टी सांगा. ईएसआयसाठी (राज्य कामगार विमा) पगाराची मर्यादा इतरांना २१,००० रुपये आहे, दिव्यांगांना २५,०००. महाराष्ट्रात ४० टक्के किंवा जास्त कायमचं दिव्यांगत्व असलेल्यांना व्यवसाय कर माफ आहे, तरी कित्येक ठिकाणी महिन्याला २०० रुपये बिनदिक्कत कापले जातात. आणि जुनी करप्रणाली निवडलेल्या दिव्यांग कर्मचाऱ्याला ७५,००० रुपयांची, दिव्यांगत्व ८० टक्के किंवा जास्त असेल तर १,२५,००० रुपयांची वजावट मिळते.

सापळा : पगार सीएसआरमध्ये दाखवणं. स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या फायद्याचा खर्च सीएसआरमध्ये धरता येत नाही. त्याहून वाईट म्हणजे आकडा दाखवायला माणसं हजेरीपटावर चढवून घरी बसवणं आणि थोडेफार पैसे पाठवत राहणं. असं सुचवणारा 'सल्लागार' भेटला तर चहासुद्धा विचारू नका.

७. लाइनवरच्या माणसांना तयार करा

'संवेदनशीलता कार्यशाळा' नावाखाली सगळ्या कंपनीला हॉलमध्ये बसवून दोन तासांचं भाषण करणारे खूप आहेत. डोळ्यांवर पट्टी बांधून चालायला लावतात, लोक हसतात किंवा रडतात, आणि जाताना त्यांच्या मनात कीव बसलेली असते. मला हा प्रकार पटत नाही. पट्टी बांधून पाच मिनिटं चाचपडलेल्याला वाटतं की दृष्टिहीन माणूस आयुष्यभर असाच चाचपडतो.

त्यापेक्षा ज्यांचा रोज संबंध येणार तेवढ्याच लोकांना घ्या : सुपरवायझर, दोन्ही बाजूंचे ऑपरेटर, मेंटेनन्सवाला, गेटवरचा सुरक्षारक्षक, कँटीनचा वाढपी. शेवटचे दोघे ठेकेदाराचे असतात म्हणून सगळे त्यांना विसरतात, आणि पहिल्या दिवशीचा पहिला अपमान बहुधा गेटवरच होतो.

शिकवायचं ते कामापुरतं. कर्णबधिर सहकारी येणार असेल तर दुभाष्याकडून थांब, धोका, मशीन बंद, संपलं, अजून हवं, रजा, जेवण, बरोबर, चूक एवढ्या खुणा शिकून घ्या. प्रत्येकाला सांकेतिक नाव ठेवण्याचा कार्यक्रम नवा सहकारी स्वतःच करतो आणि तो भलताच रंगतो. आमच्या एका शिफ्ट इनचार्जचं नाव पोट कुरवाळण्याच्या खुणेने पडलं. त्याने आधी तोंड वाकडं केलं, आता तोच नव्या लोकांना स्वतःची ओळख तशी करून देतो.

सेफ्टी ट्रेनिंगला मात्र दुभाषी लागतोच. तिथे 'शेजारचा सांगेल' चालत नाही. दुभाष्याला मशीनची नावं आणि धोके आदल्या दिवशी दाखवून ठेवा, म्हणजे तो आयत्या वेळी बोटांनी एकेक अक्षर जुळवत बसणार नाही.

८. जॉब कोच : कधी यायचं, कधी जायचं

पहिले काही दिवस रोज, मग आठवड्यातून, मग महिन्यातून. कोच कमी-कमी होत गेला पाहिजे, आणि हे वेळापत्रक करारातच असू द्या. बौद्धिक दिव्यांगत्व किंवा ऑटिझम असलेल्या सहकाऱ्याला हा काळ जास्त लागतो. तिथे कोच कामाचे टप्पे फोटोंच्या पट्टीत लावून देतो. ही पट्टी टेबलावर चिकटवा. लाइनचा लेआउट किंवा टेबलाची जागा बदलणार असाल तर आधी सांगा. इतरांना जो बदल किरकोळ वाटतो तो तिथे अख्खा दिवस बिघडवू शकतो.

दोन गोष्टींवर नजर ठेवा. एक, आकडा गाठायला कोच स्वतःच ट्रे भरू लागतो. त्याला हात मागे घ्यायला सांगा. दुसरी जास्त चिवट आहे : सुपरवायझर प्रत्येक गोष्टीला कोचलाच फोन करतो. "तुमचा मुलगा आज उशिरा आला." तो कंपनीचा कर्मचारी आहे आणि उशिराचं जे इतरांना बोलता तेच त्याला बोलायचं. कोचला विचारायचं ते 'कसं सांगू' एवढंच.

उत्पादनाचं मोजमाप पहिल्या आठवड्यापासून लावू नका, पण लावा जरूर. आकडा कमी पडला तर आधी बघा की ठरलेली सोय खरंच मिळतेय का. पिवळं कार्ड कोणी खिशात घालून गेलंय का, बसायचं स्टूल दुसऱ्या लाइनवर पळवलंय का. सगळं जागेवर असेल आणि तरी काम होत नसेल तर दुसरं काम द्या, तेही नसेल तर जे नियम इतरांना तेच त्याला. दयेने ठेवलेला माणूस आणि दयेने ठेवणारा सुपरवायझर दोघंही वर्षभरात वैतागतात. उलट बाजूही तीच : काम चांगलं करतो त्याची पगारवाढ आणि बढती 'इथेच बरा आहे तो' म्हणून अडवू नका. लोक सोडून जातात त्याचं कारण विचाराल तर पुष्कळदा हेच निघतं.

९. हजेरीपटावर आधीपासून असलेले

तज्ज्ञ आलाच आहे तर त्याला एक काम आणखी द्या. प्रेस शॉपमध्ये वीस वर्षं काढलेल्यांपैकी कितींना कमी ऐकू येतं? अपघातात बोटं गेलेला ऑपरेटर आता स्टोअरमध्ये नुसता बसून का आहे? मधुमेहाने नजर गेलेला अकाउंटंट राजीनाम्याचा विचार करतोय का? सेवेत असताना दिव्यांगत्व आलं तर कर्मचाऱ्याला काढता येत नाही, हे बंधन कायद्याने सरकारी आस्थापनांवर घातलं आहे. खासगी कंपनीत तो निर्णय तुमच्यावर असतो, आणि कामाची माहिती असलेला माणूस घालवण्यापेक्षा टेबलाची उंची बदलणं केव्हाही स्वस्त.

या लोकांशी बोलताना संपर्क अधिकाऱ्याने एकट्याने, बंद दाराआड बोलावं. नोंदवहीत नाव घालायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. आधीच्या पायऱ्यांतली कामाची आणि जागेची पाहणी त्यांच्यासाठीही तशीच करायची, फक्त या वेळी थेरपिस्टला सोबत कंपनीच्या डॉक्टरांची गाठ घालून द्या. आणि हे सगळं तज्ज्ञाच्या पहिल्या करारातच लिहून घ्या, कारण नंतर वेगळं मागायला गेलात की वेगळा दर लागतो.